कपात सूचना आणि गावची कमान

आज पुरवणी मागण्यांचं (अर्थसंकल्पानंतर सरकार विधिमंडळाकडे मागतं त्या जादा खर्चाचं) पुस्तक चाळताना पुन्हा वाटलं, आमदाराच्या काटकसरीवरच्या भाषणापेक्षा कपात सूचना, म्हणजे सरकारने मागितलेली रक्कम कमी करा असा सभागृहात मांडलेला प्रस्ताव, जास्त कामाची. धोरणच नको असेल तर मागणी 1 रुपयावर आणायची, उधळपट्टी दाखवायची तर नेमकी रक्कम कापायला सांगायची, गाऱ्हाणं मांडायचं तर 100 रुपयांची कपात. मंजूर जवळजवळ कधीच होत नाही, आणि वेळ संपला म्हणून मागण्या चर्चेविना मताला टाकल्या की सूचना वायाच.

गावाकडची गोची वेगळी. आमदार निधीतून स्वागतकमान उभी राहते, गावाची मान उंचावते (फोटोही छान येतात), पण दिव्यांचं बिल आणि डागडुजी ग्रामपंचायतीच्या गळ्यात. प्रस्तावासोबतच जागेचा उतारा आणि देखभालीचा ठराव मागून घ्यावा. मार्चअखेरच्या घाईत नेमके हेच दोन कागद राहतात.