चिकलठाणा ते नांदेड: भाड्याच्या गाड्यांचा अनुभव

आई, मावशी, मेहुणा आणि आम्ही दोघं असे मुंबईहून विमानाने छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरलो. बेत असा होता की वेरूळ-अजिंठा बघायचं, मग अंबाजोगाई, परळी, औंढा नागनाथ करत नांदेड गाठायचं आणि माहूरला रेणुकामातेचं दर्शन घेऊन परतायचं. देवळांबद्दल आणि लेण्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून इथे फक्त गाड्यांबद्दल लिहितो. घरात वयस्कर माणसं असतील तर या भागात निम्मी सहल गाडीवरच अवलंबून असते.

वेरूळसाठी ड्रायव्हरसह गाडी एका मोठ्या कंपनीकडे आधीच ठरवली होती. मुंबई विमानतळावर याच कंपनीची सेवा चोख मिळाली होती. तिथे काउंटर होता, गाडी धुतलेली होती आणि एक गाडी आवडली नाही तर दुसरी हजर होती. चिकलठाण्याला यातलं काहीच नव्हतं. बाहेर आल्यावर परगावच्या कॉल सेंटरमधून ‘गाडी निघाली आहे’ एवढंच उत्तर मिळत राहिलं. मोठी सात आसनी गाडी सांगितली होती, आली डिझायर! मावशीची व्हीलचेअर डिकीत घातल्यावर बॅगा मांडीवर घ्यायची वेळ आली. ड्रायव्हर बिचारा सज्जन होता. तो म्हणाला, “काका, गाडी आमच्या मालकाची आहे, कंपनीकडून नुसता फोन येतो. सात शिटाचं आम्हाला कुणी बोललंच नाही.”

खरी गोम इथेच आहे. चिकलठाण्याला दिवसभरात मोजकीच विमानं येतात. त्यासाठी काउंटर थाटून माणूस आणि जादा गाड्या ठेवणं कंपनीला परवडत नाही, मग ती काम गावातल्या ट्रॅव्हल्सवाल्याला देते. पैसे ब्रँडचे जातात आणि सेवा तो ट्रॅव्हल्सवाला देईल तशी मिळते. म्हणून लहान विमानतळावर माझी पहिली पसंती सरळ गावातल्या ट्रॅव्हल्सलाच राहील. पुढचा सगळा प्रवास आम्ही जालना रोडवरच्या अशाच एका छोट्या ऑफिसातून ठरवला. मालकाने स्वतः विचारलं, “आजींना चढायला पायरी लागंल का?” आणि सकाळी गाडीत खरोखरच प्लास्टिकचा स्टूल ठेवलेला होता.

दर ठरवताना दोन गोष्टी नीट विचारा. किलोमीटर कुठून धरणार? बहुतेक ठिकाणी ते गॅरेज ते गॅरेज, म्हणजे गाडी त्यांच्या जागेवरून निघाल्यापासून परत तिथे पोचेपर्यंत धरतात. वेरूळ शहरापासून साधारण ३० किमी आहे, त्यामुळे दौलताबाद, खुलताबाद धरूनही ८ तास ८० किमीच्या पॅकेजात बसतं. पण विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथूनच थेट निघालात तर ८० ओलांडतात. आउटस्टेशनला, म्हणजे शहराबाहेरच्या भाड्याला, रोजचे किमान २५० किंवा ३०० किमी लावतात, ते वेरूळसाठी घेऊ नका. अजिंठा जाऊन-येऊन २०० च्या वर जातं, तिथे ते वसूल होतं. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा आकार धरलाय की वेगळा, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं हे बुकिंगवाला सांगेलच असं नाही.

अजिंठ्याला मेहुण्याच्या हौसेखातर सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतली. झूमकारसारख्या अ‍ॅपवर गाडी बहुधा गावातल्याच कुणा मालकाची असते, त्यामुळे ब्रँडपेक्षा त्या मालकाचे अलीकडचे अभिप्राय वाचा. आम्ही घेतलेल्या गाडीचा मालक तरुण होता. त्याने प्रत्येक ओरखडा बोटाने दाखवत आमच्याच मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावला, पेट्रोलच्या काट्याचा आणि किलोमीटरचा फोटो घेतला. मेहुण्याने स्टेपनी अंगठ्याने दाबून पाहिली तर हवा कमी. मालकाने वाद न घालता जवळच्या पंक्चरवाल्याकडे ती भरून आणली. जॅक, पाना, पीयूसी, विमा तिथेच बघून घ्या; सिल्लोड सोडल्यावर घाटात हे शोधत बसायला नको. नंबरप्लेटही बघा. सेल्फ-ड्राइव्हच्या परवान्याची गाडी असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात आणि ड्रायव्हरसह टॅक्सी असेल तर पिवळ्या पाटीवर काळी. पांढरी, म्हणजे खासगी गाडीची पाटी घेऊन कुणी स्वस्तात गाडी देत असेल तर सरळ नाही म्हणा, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी लावून लेण्यांपर्यंतचे पुढचे ४ किमी बसनेच जावं लागतं, म्हणून लागणारं सामान आठवणीने बरोबर घ्या.

संभाजीनगरहून गाडी घेऊन नांदेडला सोडायची म्हटलं तर सेल्फ-ड्राइव्हवाले घेतल्या जागीच परत मागतात आणि ड्रायव्हरवाले रिकाम्या परतीचे किलोमीटर लावतात. आम्ही ते भरले, कारण बीड, केज, अंबाजोगाई, परळी असं थांबत जायचं होतं. कुठे थांबायचं नसेल तर गाडी सोडून द्या आणि तपोवन एक्स्प्रेसने नांदेडला जा.

नांदेडची तऱ्हा अगदी वेगळी आहे. सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे वर्षभर पंजाबहून भाविक येतात. गाडीवाले यात्रेकरूंना सरावलेले आहेत आणि गुरुद्वारा परिसरात सकाळी विचारलं तरी माहूरसाठी गाडी मिळते. आमच्या ड्रायव्हरदादांनी गडावर आईला हात धरून पायऱ्या चढवल्या, तेही न सांगता. विमानतळावर मात्र गाडी उभी मिळेल या भरवशावर राहू नका. परतीचं विमान असेल तर ड्रायव्हरचा स्वतःचा नंबर आदल्या रात्रीच घ्या आणि सकाळी निघण्याआधी एकदा फोन करा.