पूर्व क्लेअरचा मधला माणूस

आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीच्या एनिस या गावात क्लेअरच्या निवडणुकांचा विषय काढला की दोन नावं हमखास येतात. १८२८चा डॅनियल ओ'कॉनेल आणि १९१७चा एमन डी व्हॅलेरा. दोघांचेही पुतळे गावात आहेत. ओ'कॉनेल भर चौकात उंच खांबावर उभा आहे, जिथे पूर्वी जुनं न्यायालय होतं. डी व्हॅलेरा सध्याच्या न्यायालयापाशी. मी इथे राहायला आले तेव्हा मलाही हाच इतिहास सांगितला गेला: एकाने आयरिश कॅथलिकांना लंडनच्या ब्रिटिश संसदेचं दार उघडून दिलं, दुसऱ्याने त्या संसदेकडे पाठ फिरवली. मधल्या एकोणनव्वद वर्षांबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

जुन्या निकालांचे तक्ते वाचायचा मला नाद आहे. पूर्व क्लेअर या मतदारसंघाचा तक्ता अगदी लहान. १८८५ मध्ये जन्म, १९२२ मध्ये अखेर, आणि एवढ्या काळात खासदार झाले तीन. जोसेफ रिचर्ड कॉक्स, विली रेडमंड आणि डी व्हॅलेरा. यातल्या रेडमंडने ही जागा सलग पंचवीस वर्षं राखली. हा लेख त्याच्यासाठी आहे. पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर सुरुवात १८२८ पासूनच करावी लागते, कारण ज्या मतदारांनी त्याला निवडून दिलं त्यांच्या मागे ती परंपरा उभी होती.

त्या वेळी अख्ख्या क्लेअर काउंटीचा मिळून एकच मतदारसंघ होता आणि त्याचे खासदार दोन. त्यांपैकी विल्यम व्हेसी-फिट्झजेराल्ड याला मंत्रिपद मिळालं. मंत्री झालं की पुन्हा लोकांसमोर जाऊन निवडून यायचं, असा तेव्हा नियम होता. फिट्झजेराल्ड काही वाईट माणूस नव्हता. तो प्रोटेस्टंट असूनही कॅथलिकांना हक्क मिळावेत या बाजूचा होता आणि त्याच्या वडिलांनी आयर्लंडची संसद बरखास्त करायला विरोध केला होता. अशा माणसाविरुद्ध ओ'कॉनेल उभा राहिला. कॅथलिकांना मत देता येत होतं, १७९३ पासूनच. निवडणूक लढवायलाही थेट बंदी नव्हती. अडचण होती ती शपथेची. संसदेत बसायचं तर जी शपथ आणि जे प्रतिज्ञापत्र सक्तीचं होतं, त्यात कॅथलिक धर्माचारांना मूर्तिपूजा म्हणून नाकारावं लागे. कुठलाही श्रद्धावान कॅथलिक ते कसं म्हणणार?

मतदार होते चाळीस शिलिंगवाले, म्हणजे वर्षाला किमान दोन पौंड मोलाच्या जमिनीचा हक्क असलेले छोटे शेतकरी. गुप्त मतदान आलं १८७२ मध्ये. त्याआधी मत मोठ्याने सांगायचं, जमीनदाराच्या माणसांदेखत. ज्याच्या जमिनीवर घर, त्याच्याच माणसासमोर उभं राहून दुसऱ्याचं नाव घ्यायचं. ते शेतकरी आपापल्या पाद्र्यांच्या मागोमाग गावागावांतून चालत एनिसला आले. दारू प्यायची नाही, मारामारी करायची नाही असं ठरलं होतं आणि ते त्यांनी पाळलं. मतदान कित्येक दिवस चाललं. शेवटी ओ'कॉनेलला २,०५७ मतं पडली, फिट्झजेराल्डला ९८२. या आकड्यांकडे मी नेहमी आदराने पाहते. ही दोन हजार माणसं निनावी आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाने त्या क्षणी डोक्यावरचं छप्पर पणाला लावलं होतं.

पुढचा प्रसंग लंडनचा, मे १८२९. कॅथलिकांना संसदेत बसू देणारा कायदा आदल्याच महिन्यात मंजूर झाला होता, पण तो त्यानंतर निवडून येणाऱ्यांना लागू. ओ'कॉनेल आधी निवडून आलेला, म्हणून त्याच्यापुढे जुनीच शपथ ठेवली गेली. त्याने ती वाचली आणि सांगितलं की यातली एक गोष्ट खरी नाही हे मला ठाऊक आहे आणि दुसरी खरी नाही असं माझं मत आहे. शपथ न घेता तो सभागृहाबाहेर पडला. जागा रिकामी ठरली, पुन्हा निवडणूक लागली आणि जुलैत क्लेअरने त्याला बिनविरोध परत पाठवलं.

या विजयाची किंमत मात्र चाळीस शिलिंगवाल्यांनीच मोजली. कॅथलिकांना हक्क देताना सरकारने त्याच वेळी काउंटीच्या मतदारसंघांत मताची अट दोन पौंडांवरून दहा पौंडांवर नेली. आयर्लंडभरातले काउंटी मतदार सुमारे २,१६,००० होते, ते जेमतेम ३७,००० उरले. ज्यांनी जोखीम पत्करून ओ'कॉनेलला निवडून दिलं, त्यांच्यापैकी बहुतेकांना पुन्हा मतच देता आलं नाही. चौकातल्या त्या खांबाजवळून जाताना मला वर उभ्या असलेल्या माणसाइतकीच त्यांचीही आठवण येते.

नंतरच्या पन्नास वर्षांतली नावं मी भराभर सांगते. १८२८ मध्ये ओ'कॉनेलच्या बाजूने हिरिरीने उतरलेला जेम्स पॅट्रिक मॅहन, ज्याला सगळे 'द ओ'गॉर्मन मॅहन' म्हणत, तो म्हातारपणी १८७९ मध्ये पुन्हा क्लेअरचा खासदार झाला. १८८० मध्ये त्याच्या जोडीला दुसऱ्या जागेवर कॅप्टन विल्यम ओ'शे निवडून आला. आयर्लंडला स्वतःचा कारभार मिळावा म्हणून ब्रिटिश संसदेत लढणाऱ्या आयरिश पक्षाचा नेता चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल याच्याशी ओ'शेची ओळख मॅहननेच करून दिली. ओ'शेच्या पत्नीशी पार्नेलचे जुळलेले संबंध १८९० च्या घटस्फोटाच्या खटल्यात उघड झाले आणि अख्खा आयरिश पक्ष उभा फुटला. त्याआधी, १९ सप्टेंबर १८८० रोजी, याच एनिसमध्ये पार्नेलने लोकांना सांगितलं होतं की बेदखल केलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी कुणी बोलू नका, बाजारात नको, रस्त्यात नको, चर्चमध्येही नको. काही आठवड्यांतच मेयो काउंटीत कॅप्टन बॉयकॉट नावाच्या माणसावर हा उपाय चालवला गेला आणि त्याचं नाव 'बहिष्कार' या अर्थाने जगभर झालं.

१८८५ मध्ये जागांची फेरआखणी झाली. एनिस शहराची स्वतंत्र जागा गेली, काउंटीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. एनिस पूर्वेत आलं. पश्चिम क्लेअरची कथाही कधीतरी सविस्तर लिहायची आहे. तिथला १९०९ चा खासदार आर्थर लिंच ऑस्ट्रेलियात जन्मलेला, बोअर युद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढलेला आणि त्यापायी १९०३ मध्ये फाशीची शिक्षा ऐकलेला. ती शिक्षा कमी झाली, पुढे माफीही मिळाली, आणि क्लेअरने त्याला वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या संसदेत पाठवलं.

आता विली रेडमंड. जन्म १८६१ चा. आयरिश पक्षाचा पुढे नेता झालेल्या जॉन रेडमंडचा हा धाकटा भाऊ. जमीन आंदोलनात १८८२ मध्ये किल्मेनहॅम तुरुंगात गेला, तिथे पार्नेलही होता. त्यानंतर आयुष्यभर तो पार्नेलचा माणूस राहिला. आधी वेक्सफर्ड, मग उत्तर फर्मानाचा खासदार झाला. १८९१ च्या ऑक्टोबरात पार्नेल वारला, आणि १८९२ च्या निवडणुकीत मेलेल्या नेत्याच्या नावावर मतं मागायची वेळ आली. पाद्री जवळपास सगळे विरोधात. देशभरात पार्नेलवाद्यांचे फक्त नऊ खासदार निवडून आले. त्या नवांपैकी दोन क्लेअरचे, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. पूर्वेत रेडमंडने कॉक्सला हरवलं, जो १८८५ पासून तिथला खासदार होता.

मला इथे थांबावंसं वाटतं. क्लेअरचे मतदार पाद्री सांगतील तसे वागतात, असं १८२८ वरून सर्रास म्हटलं जातं. १८९२ मध्ये त्याच काउंटीने पाद्र्यांचा शब्द मोडून मतं दिली. ज्या माणसाला सगळ्यांनी सोडलं त्याच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं. ही निवडणूक दोन पुतळ्यांच्या मध्ये हरवून जाते याचं मला खरंच वाईट वाटतं.

संसदेत रेडमंड गप्प बसणारा नव्हता. बोअर युद्धाला त्याचा कडवा विरोध. त्याची एक बाजू मला विशेष भावते: स्त्रियांना मताचा हक्क मिळावा याचा तो उघड पुरस्कर्ता होता, आणि त्याचा सख्खा भाऊ, पक्षाचा नेता, विरोधात होता. घरात आणि पक्षात एकाच माणसाशी मतभेद ठेवून तो आपल्या म्हणण्यावर टिकून राहिला.

१९१४ मध्ये आयर्लंडला स्वतःचं विधिमंडळ देणारा होमरूल कायदा झाला खरा, पण महायुद्ध संपेपर्यंत तो बासनात गेला. जॉन रेडमंडने आयरिश तरुणांना ब्रिटिश सैन्यात जायला सांगितलं. विली म्हणाला नाही की जा. तो स्वतः गेला. पन्नाशी उलटली होती. आयरिश सैनिकांनी, कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांनी, एकत्र लढावं आणि त्या एकत्र लढण्यातून देश जुळावा, अशी त्याची आशा होती. मार्च १९१७ मध्ये तो गणवेशातच संसदेत उभा राहिला आणि खंदकांतल्या आयरिश सैनिकांच्या वतीने त्याने मागणी केली की आम्हाला आमचं राज्य आत्ता द्या. ते भाषण त्याचं संसदेतलं शेवटचं.

७ जून १९१७. बेल्जियममधला मेसिनचा हल्ला. दक्षिणेकडच्या कॅथलिकांची सोळावी डिव्हिजन आणि उत्तरेतल्या प्रोटेस्टंटांची छत्तिसावी शेजारी शेजारी पुढे सरकत होत्या. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, हट्टाने परवानगी मिळवून, रेडमंड आपल्या माणसांबरोबर खंदकाबाहेर पडला आणि लगेचच जखमी झाला. त्याला उचलून मागे नेलं ते छत्तिसाव्या डिव्हिजनच्या स्ट्रेचरवाल्यांनी, म्हणजे होमरूलला कडाडून विरोध करणाऱ्या अल्स्टरच्या माणसांनी. त्याच दिवशी तो गेला. लोकर गावातल्या मठाच्या बागेत त्याला पुरलं. जवळच सैनिकी स्मशानभूमी आहे, पण त्याची कबर तिच्या बाहेर, एकटीच आहे.

जागा रिकामी झाली. १६ जूनला डी व्हॅलेरा ब्रिटिश तुरुंगातून सुटला. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६ च्या उठावात त्यालाही मृत्युदंड सुनावला गेला होता, तो नंतर जन्मठेपेवर आला. ब्रिटनपासून वेगळा आयर्लंड मागणाऱ्या सिन फेन या पक्षाने त्याला पूर्व क्लेअरमधून उभं केलं. समोर आयरिश पक्षाचा वकील पॅट्रिक लिंच. १० जुलैला मतदान झालं: डी व्हॅलेरा ५,०१०, लिंच २,०३५. लिंचबद्दल एक गोष्ट इतिहासकार तळटीपेत टाकतात, मी इथेच सांगते. पुढे तो डी व्हॅलेराच्याच पक्षात गेला आणि १९३६ मध्ये डी व्हॅलेराच्या सरकारचा महाधिवक्ता झाला.

हा निकाल म्हणजे रेडमंडच्या पंचवीस वर्षांवर काट मारली गेली, असं मी बरेचदा ऐकते. मला ते पटत नाही. लोकांनी रेडमंडला नाकारल्याचा पुरावा त्या आकड्यांत नाही, तो तर मेला होता. त्यांनी नाकारलं ते अडवून ठेवलेलं होमरूल, १९१६ च्या उठावानंतरचे मृत्युदंड आणि वेस्टमिन्स्टरकडे तीन वर्षं केलेली प्रतीक्षा. आणि सगळे एका बाजूला वाहून गेले असंही नाही. त्या लाटेतही दोन हजारांवर माणसांनी जुन्या पक्षाला मत दिलं.

डिसेंबर १९१८ मध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. तीस वर्षांवरच्या स्त्रियांना, काही अटींसह, पहिल्यांदाच मताचा हक्क मिळाला होता. पण पूर्व क्लेअरमध्ये डी व्हॅलेराविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. पश्चिमेतही बिनविरोध. सिन फेनने ७३ जागा जिंकल्या, वेस्टमिन्स्टरला कुणी गेलं नाही, आणि जानेवारी १९१९ मध्ये डब्लिनला पहिली डॉल, म्हणजे आयर्लंडची स्वतःची संसद, भरली तेव्हा डी व्हॅलेरा पुन्हा तुरुंगात होता, इंग्लंडमधल्या लिंकनच्या. १९२१ मध्ये दोन्ही भाग जोडून क्लेअर एकच मतदारसंघ झाला. त्या वर्षी तिथे मतदान झालंच नाही, सगळे बिनविरोध. १९२२ मध्येही तेच. वेस्टमिन्स्टरच्या यादीतून पूर्व क्लेअर त्याच वर्षी गेलं.

म्हणजे ज्या मतदारसंघाच्या खासदाराने स्त्रियांच्या मतासाठी संसदेत आवाज उठवला, त्या पूर्व क्लेअरच्या जागेसाठी एकाही स्त्रीला कधी मत टाकता आलं नाही. क्लेअरच्या बायकांनी सार्वत्रिक निवडणुकीत पहिलं मत टाकलं ते २७ ऑगस्ट १९२३ रोजी, नव्या चौकटीत, आयर्लंडच्या नव्या स्वतंत्र राज्यात. बारा दिवसांपूर्वी एनिसमध्ये व्यासपीठावर बोलत असताना डी व्हॅलेराला अटक झाली होती. त्या निवडणुकीत कैदेत असूनही तो क्लेअरमधून सर्वाधिक मतांनी निवडून आला आणि पुढे १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत त्याने क्लेअरची जागा सोडली नाही. त्या मतांत बायकांची किती होती हे कुठल्याच तक्त्यात सापडत नाही, कारण मोजताना कुणी ती वेगळी काढली नाहीत.