पंचनाम्यानंतरची वही

ऑगस्ट २०१९ चा महापूर ओसरला आणि शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात पंचनामे सुरू झाले. मी बचत गटांचं काम बघते. कुठलं घर कुणाचं हे दाखवायला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांबरोबर दारोदार फिरले. पडलेली भिंत, मेलेलं जनावर, ३३ टक्क्यांहून जास्त गेलेलं पीक, अशा नोंदी होत होत्या. ती माणसं रात्री उशिरापर्यंत राबत होती, त्यांना बोल लावायचा नाही.

पण एका मावशींच्या गोठ्यात गेलो आणि मला राहवेना. दोन्ही म्हशी जिवंत. घर पक्कं, छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ, पण भिंतीला तडा नाही. म्हणजे सानुग्रह अनुदानाचे १० हजार सोडले तर कागदावर काहीच नाही. मावशींनी डेअरीचं पुस्तक पुढं केलं. "हे बघ की गं." जुलैअखेर दोन्ही वेळचं मिळून ११ लिटर, छावणीतून परतल्यावर ४. कडब्याची गंजी वाहून गेलेली. दर दहा दिवसांच्या दूधबिलावर त्यांचं घर चालायचं.

मदतीला आलेले समाजकार्याचे एक शिक्षक म्हणाले, मोडलं ते वेगळं लिहा आणि बुडालेली कमाई वेगळी. २०१८ च्या पुरानंतर केरळात असाच हिशेब मांडला होता. पुन्हा उभं राहायला सुमारे ३१ हजार कोटी लागतील असं त्यातून निघालं. आम्ही चौघींनी वही केली. घरटी तीन प्रश्न: काय मोडलं, कुठली कमाई किती महिने थांबली, पुन्हा सुरू करायला काय हवं?

तिसऱ्याला सगळे "सगळंच" म्हणायचे. मग मी विचारू लागले, "उद्या सकाळी काय मिळालं तर कामाला लागाल?" तेव्हा नेमकं कळायला लागलं. शिलाई मशीनची मोटर. महिनाभराची वैरण. उसाचं बेणं.

उसानं तर आम्हाला फसवलंच. रस्त्यावरून हिरवा दिसायचा, म्हणून पहिल्या फेरीत नुकसान कमी लिहिलं. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या सुरळीत, गाळ बसलेला ऊस आतून कुजत होता, ते पंधरा दिवसांनी दिसलं. सगळ्या शिवारात पुन्हा फिरलो. आडसाली ऊस दीड वर्षाचा. या हंगामाचं बिल गेलं आणि नव्या लावणीचे पैसे लांब, मधल्या काळात सोसायटीचं कर्ज कशावर फिटणार? त्याच रानात भांगलणीला जाणाऱ्या बायकांची मजुरीही बुडाली, आणि त्यांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्याचं रान खंडानं करणाऱ्यांचंही तेच. पिकाची मदत मालकाच्या खात्यावर. काही मालकांनी आपणहून अर्धी रक्कम दिली. सगळ्यांनी नाही. मला ते अजून सलतं.

वही ग्रामसभेत वाचली, प्रत तहसीलला दिली. वहीतल्या सगळ्या नुकसानीला पैसे मिळाले नाहीत. पण कुणाचे हप्ते थांबवायचे आणि आलेली वैरण आधी कुणाच्या दावणीला टाकायची, हे गटानं तिच्यावरून ठरवलं. मावशींना पहिल्याच खेपेत वैरण पोचली.

जुलै २०२१ ला पुन्हा पाणी चढू लागलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका सामान हलवत होत्या. मावशींनी डेअरीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आधीच कमरेला खोचलं होतं.