तो पत्ता अडवला नाही, बरं झालं

सकाळी लेखा विभागातल्या ताई मुद्दाम खाली आल्या. "तुम्ही सांगितलं तसं केलं हो, मेल जंकमध्ये टाकला. बरोबर ना?"

अगदी बरोबर! आमच्या मेल सर्व्हरवर कुणी मेल जंकमध्ये ओढला की डव्हकॉटची (मेलबॉक्स सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) सिव्ह स्क्रिप्ट, म्हणजे मेलसाठीच्या सूचनांची छोटी फाइल, चालते आणि तो मेल स्पॅमअसॅसिन या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला शिकवला जातो. त्याची बेझियन गाळणी, म्हणजे जुन्या मेलांवरून शक्यता ताडणारा भाग, किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल शिकल्याशिवाय मतच देत नाही. म्हणून चुकून जंकमध्ये गेलेला चांगला मेल परत आणणंही तितकंच मोलाचं.

तर आज एकाच मेलबद्दल 11 जणांनी कळवलं. पाठवणारा म्हणून चक्क आमच्याच प्राचार्यांचा पत्ता! तो अडवला असता तर सरांचेच मेल बंद पडले असते. मेलचे हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या वरच्या नोंदी, उघडले. त्यात आमच्या सर्व्हरने स्वतः लिहिलेली 'रिसीव्ह्ड' ओळ तेवढी भरवशाची, तिच्याखालचं काहीही कुणीही रचू शकतो. त्या ओळीतला आयपी, म्हणजे मेल देणाऱ्या मशीनचा नेटवर्कवरचा क्रमांक, पोस्टफिक्सच्या (मेल स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत टाकला, पुढे 'रिजेक्ट', म्हणजे नाकार.

संध्याकाळी लॉगमध्ये तोच आयपी पुन्हा आलेला दिसला. 554, म्हणजे नकाराचा कोड, घेऊन परत गेला. लगेच ताईंना फोन लावला.