पावशा, आजी आणि प्राट : तिसरा महिना

पावशा ओरडतो ते खरंच 'पेरते व्हा' आहे का, हे आजीच्या आवाजाशी ताडून बघतोय. मागच्या वेळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर सकाळी साडेपाचला पावशाचं बरं रेकॉर्डिंग मिळालं तिथवर आलो होतो, मोबाईलवरच, पण आवाज न दाबणाऱ्या वेव्ह फाइलमध्ये, व्हॉइस नोट नाही (पहिला महिना त्यातच गेला, तिथं आवाज इतका दाबला जातो की आवाजाच्या चित्रातल्या वरच्या रेघाच गायब). ते आता प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि पाहतो तर पक्ष्याचा पिच, म्हणजे सुराची उंची, ४०० हर्ट्झ (सेकंदाला ४०० कंपनं)! कानाला सरळ शिट्टी ऐकू येते अन् हे पिचची निळी रेघ तिथं खाली दाखवून राहिलं.

दोन दिवस डोकं खाल्लं, चूक माझीच निघाली. प्राट पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी ॲमस्टरडॅमला बनवलं ते माणसाच्या बोलण्यासाठी, डचमध्ये नावाचा अर्थच 'बोल'. माझ्या जुन्या व्हर्जनमध्ये पिच शोधायची हद्द ७५ ते ५०० हर्ट्झ. आता पावशाच्या शिट्टीसारखी १६०० ची लहर दर चार फेऱ्यांनीही स्वतःशी जुळतेच, म्हणजे सेकंदाला ४०० वेळा, मग ते बिचारं हद्दीत बसणारा आकडा देऊन मोकळं. हद्द १००० ते ३००० केली, रेघ जागेवर आली. स्पेक्ट्रोग्रामपण (वेळेनुसार आवाजातले खालचे-वरचे सूर दाखवणारं चित्र) मुळात ५००० लाच कापलेला असतो, पावशाला चालून जातं, शिंजिरासारख्या बारीक आवाजवाल्यांसाठी वर न्या.

आता मजेचा भाग. 'पेरते व्हा' खरंच तसं आहे का हे बघायला आजीला बसवलं. कूलर चालू ठेवून घेतलेलं रेकॉर्डिंग बेकार, खाली १०० हर्ट्झला आडवी जाड पट्टी आणि वर सगळा पंख्याचा धूर, म्हणून कूलर बंद केला, मे महिन्यात, नागपुरात, दुपारी. आजी म्हणे, "काहून छळून राहिला बाप्पा, मी का पाखरू हाय?"

पहिल्यांदा तिनं साधं म्हटलं तर 'व्हा' ला आवाज खाली उतरला. मग म्हटलं, पावशासारखं म्हण, तर शेवट वर चढला, आणि तीन तुकड्यांचा ठेका, पेर-ते-व्हा, पक्ष्याच्या ठेक्यावर जवळपास बसला. बाकी काहीच जुळत नाही. आजीच्या 'आ' मध्ये एकावर एक हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा सुरांची, शिडी आहे (विंडो, म्हणजे एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा, ०.००५ सेकंदावरून ०.०३ केल्यावरच ती सुटी दिसते, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळलेलं), पावशाकडे एकच ठळक रेघ, वाकत वर जाणारी. 'प' नाही, 'र' नाही, 'त' च्या आधीची बारीक शांतताही नाही. व्यंजनं सगळी आपण घालतो. आणखी एक, पावशा दर ओरडीला थोडा वर सरकतो आणि टोकाला जाऊन एकदम थांबतो, हे कानाला नुसतं 'तापलाय' असं वाटायचं, रेघांमध्ये पायऱ्या दिसतात.

शेजारच्या काकू हिंदीवाल्या, त्यांना त्याच आवाजात 'पी कहाँ' ऐकू येतं. आता त्यांचं घ्यायचं आहे. तयार आहेत, फक्त कूलर बंद होणार नाही म्हणाल्या, सहाच्या आत ये.