१२५ सकाळी

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

दिवाळीला दादाकडे जाताना बॅकअपची डिस्कही न्यायची ठरली आहे, म्हणून आज दुपारी टीव्हीमागच्या कप्प्यातून ती काढायला गेलो. तिच्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल होता. तो उचलला, तेव्हा डिस्कचा निळा दिवा लागलेला नव्हता. अ‍ॅडॉप्टरचे बटणच बंद होते. ते चालू करून पाहिले, तर शेवटच्या प्रतीवर तारीख होती ९ जून. त्या संध्याकाळी विजा कडाडू लागल्यावर आईने घरातील सगळी बटणे बंद केली होती, हे मला लगेच आठवले. पाऊस ओसरल्यावर वायफाय हवे म्हणून राउटर आणि घरचे फोटो-कागदपत्रे साठवणारा माझा सर्व्हर तेवढे चालू झाले.

काहीही हरवलेले नाही, हे आधी लिहून ठेवतो. मूळ फोटो, कागदपत्रे, बाबांची ध्वनिमुद्रणे सर्व्हरवर सुखरूप आहेत, आणि तरीही दुपारपासून मला कशातच लक्ष लागत नाही. नुकसान झाले असते तर निदान वाईट वाटण्याला काही आधार मिळाला असता. मला डाचते आहे ते एवढेच, की रोज पहाटे अडीचला चालणारे प्रत काढण्याचे काम संपल्यावर फोनवर ‘बॅकअप पूर्ण’ असा संदेश येत होता आणि मी तो सकाळी चहाबरोबर वाचून समाधानाने बाजूला सारत होतो. मोजले, तर अशा १२५ सकाळी झाल्या.

संदेश खोटा होता असेही म्हणता येत नाही. प्रत काढणारा आरसिंक हा प्रोग्राम म्हणजे १९९६पासूनचे सरळमार्गी साधन आहे. इथून तिथे प्रत कर म्हटले की ते करते. सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतो, तिच्यात डिस्क जिथे जोडायची ती जागा म्हणजे एक साधे रिकामे फोल्डर असते. डिस्क जोडलेली असली की त्या वाटेने डिस्कवर जाता येते, नसली की ते फोल्डर फोल्डरच राहते, आणि त्यात लिहिलेले सगळे सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर जाऊन पडते. चार महिने नेमके तेच होत होते. १३० जीबीची मूळ प्रत आणि तिची ‘सुरक्षित’ प्रत सर्व्हरच्या एकाच ५०० जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे आतल्या डिस्कवर, शेजारी शेजारी नांदत होत्या. घराची दुसरी किल्ली पहिलीच्याच जुडग्यात अडकवून निर्धास्त राहावे, तसा हा प्रकार.

डिस्क नसतानाही सर्व्हर मुकाट्याने सुरू झाला, याचे कारणही मीच आहे. गेल्या वर्षी डिस्कची केबल निघाली होती, तेव्हा तो सुरू होताना मध्येच अडला आणि मला कीबोर्ड व मॉनिटर जोडून जमिनीवर बसावे लागले. ती कटकट पुन्हा नको म्हणून मी एफएसटॅबमधील, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची याच्या यादीतील, त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घातला, म्हणजे डिस्क नसली तरी अडू नकोस असे त्याला सांगून टाकले. त्याने ऐकले. एसएसडी अचानक भरल्यासारखी दिसली होती, तेव्हा मी भाच्याच्या मुंजीच्या व्हिडिओंना दोष दिला. सर्व्हर आपल्या कामांची जी नोंदवही ठेवतो, तिच्यात तर १० जूनला स्पष्ट लिहिले आहे की रोज चार मिनिटांत होणाऱ्या कामाला त्या रात्री बावीस मिनिटे लागली. ती नोंदवही ठेवायची व्यवस्था मी केली होती. उघडायची केली नव्हती.

तीन प्रती, दोन वेगळी साधने आणि एक प्रत घराबाहेर, हा नियम मी ऑफिसात किती जणांना ऐकवला असेल! २०२१च्या जूनमध्ये गूगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण संपली, तेव्हा दादा म्हणाला होता, “महिन्याचे पैसे भर आणि मोकळा हो.” मी मोकळा झालो नाही. या घरात एवढी एक गोष्ट तरी मी नीट सांभाळतो, असे मला दाखवायचे होते. कोणाला, ते जाऊ दे.

संध्याकाळी दुरुस्ती केली. डिस्क खरोखर जोडलेली आहे का हे आता काम सुरू होण्याआधीच तपासले जाईल आणि नसेल तर काम तिथेच थांबून ओरडेल. मुद्दाम बटण बंद करून पाहिले. ‘डिस्क जागेवर नाही’ असा संदेश आला आणि एवढ्या वाईट बातमीने मला इतका आनंद झाला की हसूच आले. आईने स्वयंपाकघरातून विचारले, रुमाल का काढलास? धूळ बसली होती, असे मी सांगितले. त्या बटणाबद्दल तिला काही बोललो नाही आणि बोलणारही नाही.

मग जुन्या प्रतीतून फायली परत मिळतात का, हे पाहू लागलो. (ही परीक्षाही आजच पहिल्यांदा घेतली, हे कबूल करायला हवे.) तिथे एक फोल्डर सापडले, जे मी जुलैमध्ये एका रात्री रागाने सर्व्हरवरून पुसून टाकले होते. आरसिंकला दिलेल्या माझ्या आज्ञेत मूळ ठिकाणी पुसलेले प्रतीतूनही पुसण्याची सूचना आहे. सगळे सुरळीत चालले असते तर दुसऱ्याच पहाटे ते इथूनही गेले असते आणि त्या सकाळीही मला ‘बॅकअप पूर्ण’ असेच कळले असते. मी इतका वेळ ज्या बटणावर चरफडत होतो, त्यानेच ते राखले होते. आता या योगायोगाला नावे ठेवायची की नाही, हेही मला ठरवता येईना.

त्यात काय आहे ते इथे लिहीत नाही. फोल्डर वेगळे काढून ठेवायला दोन मिनिटे पुरतील, पण ठेवायचे आहे का, याचे उत्तर अजून मिळालेले नाही. रात्रीचे पावणेबारा झाले आहेत. डिस्कचा दिवा लागला आहे, रुमाल घडी करून शेजारी ठेवला आहे, आणि अडीच वाजता प्रत काढायला लावणारी, क्रॉन या वेळापत्रकातील ती ओळ आजच्या रात्रीपुरती मी स्वतःच्या हाताने बंद केली आहे.