‘ह्यांना भूल चालत नाही’

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दवाखान्यात दात काढताना भुलीचं इंजेक्शन दिलं आणि माझ्या छातीत धडधड सुरू झाली, हात थरथरायला लागले. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं, ‘ह्यांना भूल चालत नाही’. म्हणून यंदा खालची दाढ किडली तरी मी लवंग आणि गोळ्यांवर दिवस काढत होतो. ऐन हुरड्याच्या दिवसांत एकाच बाजूनं चावायचं म्हणजे काय, ते केजकडच्या माणसालाच कळेल. शेवटी गाल सुजला, तेव्हा अंबाजोगाई गाठली.

डॉक्टर वयानं लहान होत्या. ॲलर्जीचं सांगितल्यावर त्यांनी हातातली हत्यारं खाली ठेवली. “काका, तेव्हा नेमकं काय झालं? अंगावर गांधी उठल्या? ओठ सुजले? दम लागला?” यातलं काहीच नव्हतं. धडधड झाली अन् थोड्या वेळानं आपोआप थांबली. “मग ते ॲड्रेनॅलिन असणार,” त्या म्हणाल्या. दातांसाठीच्या लिग्नोकेनमध्ये, म्हणजे भुलीच्या औषधात, ते बहुतेक वेळा मिसळलेलं असतं, बऱ्याचदा १:८०,००० या प्रमाणात. त्यानं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि भूल जास्त वेळ टिकते. थोडं रक्तात उतरलं की धडधडतं. घाबरलेल्या माणसाचं शरीर तर तेच रसायन स्वतःहूनही सोडतं, आणि मी त्या दिवशी किती घाबरलो होतो ते मलाच माहीत. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार क्वचित आढळते म्हणे.

तरी त्या दिवशी दाढ काढली नाही. पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि भूल नीट चढत नाही, म्हणून आधी अँटिबायोटिक. बीपी मोजलं, चालू गोळ्यांची नावं विचारली. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ॲड्रेनॅलिन जपून द्यावं लागतं.

सूज उतरल्यावर परत गेलो. सुई टोचल्यावर त्यांनी दट्ट्या आधी जरा मागं ओढून रक्त येतं का ते पाहिलं, मग औषध सावकाश सोडलं. दोनेक मिली. औषध दोन टक्क्यांचं, म्हणजे मिलीला २० मिलिग्रॅम लिग्नोकेन, म्हणजे अंगात गेलं साधारण ४० मिलिग्रॅम. ॲड्रेनॅलिनसह वजनाच्या किलोमागं ७ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माझ्या साठ किलोला तो आकडा ४२० होतो! मर्यादा ओलांडली किंवा औषध थेट रक्तवाहिनीत गेलं, तर तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात आवाज, आणि पुढं झटकेसुद्धा येऊ शकतात. यातलं काही जाणवलं तर लगेच हात वर करा, एवढं त्यांनी बजावलं होतं.

धडधड याही वेळी झाली, थोडीशी. पण कशामुळे ते ठाऊक असल्यानं मी खुर्चीतून उठलो नाही. ओठ जड पडला, अर्धी जीभ गेली. दाढ हलताना जबड्यावर जोर कळत होता, कडाड् आवाजही ऐकला, दुखणं मात्र नव्हतं.

खरा वैताग घरी आल्यावर. दाढेची भूल तासाभरात ओसरते, ओठाची मात्र तीन-चार तास राहते. पाणी हनुवटीवरून सांडतंय अन् मला पत्ता नाही. बायको म्हणाली, “अहो, पुसा की!” अशात गरम चहा नको आणि चावून खाणंही नको, ओठ फाटला तरी कळत नाही. लहान लेकरांकडे तर लक्षच ठेवावं लागतं. दुखण्याची गोळी मी भूल उतरायच्या आधीच घेतली, डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं.

आता केस पेपरवर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: लिग्नोकेन ॲड्रेनॅलिनसह दिलं, ॲलर्जी नाही. त्याची झेरॉक्स बायकोनं कपाटात ठेवलीय.